वालाटिनावरून गेलेला काळा धूर : पाहणाऱ्यांची साक्ष आणि मोजणाऱ्यांचे कागद

15 ऑक्टोबर 1953. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, एमू फील्ड नावाच्या ठिकाणी, सकाळी सात वाजता ब्रिटनने अणुबॉम्ब उडवला. बॉम्ब 31 मीटर उंच मनोऱ्यावर ठेवलेला होता. त्याची ताकद सुमारे 10 किलोटन होती आणि चाचणीचं नाव होतं टोटेम-1. तिथून ईशान्येला सुमारे 170 किलोमीटरवर वालाटिना हे गुरांचं स्टेशन आहे. ऑस्ट्रेलियात स्टेशन म्हणजे गुरं किंवा मेंढ्या पाळण्याचं मैलोन्मैल पसरलेलं रान. त्या रानात यांकुन्याचारा आदिवासींची काही कुटुंबं तळ देऊन राहत होती. त्यांच्यातच यामी नावाचा दहा-बारा वर्षांचा एक मुलगा होता.

यामी लेस्टर यांनी पुढे आयुष्यभर जे सांगितलं ते असं. सकाळी दक्षिणेकडून धडाका ऐकू आला, जमीन हादरली. त्यानंतर त्याच दिशेने काळा धूर येताना दिसला. आधी वाटलं, धुळीचं वादळ असेल. पण वादळ आलं की वारा सुटतो, आवाज होतो. हा धूर मात्र चुपचाप लोळत येत होता, झाडांच्या मधून आणि झाडांच्याही वरून. म्हातारी माणसं घाबरली. हा मामू आहे, दुष्ट आत्मा आहे, असं त्यांना वाटलं. भाला फेकण्यासाठी वापरतात ती लाकडी वूमेरा हातात घेऊन त्यांनी धुराला दुसरीकडे वळवायचा प्रयत्न केला. वाळूत खड्डे खणले, पोरांना त्यात निजवलं आणि मोठी माणसं त्यांच्यावर पालथी पडली. धूर डोक्यावरून निघून गेला आणि मग माणसं आजारी पडू लागली. उलट्या, जुलाब, अंगावर पुरळ, आणि डोळे इतके दुखू लागले की उघडवेनात. त्या दिवसांत काही म्हातारी माणसं दगावली, असंही साक्षीदारांनी सांगितलं. यामींची नजर पुढे अधू होत गेली आणि किशोरवयातच दोन्ही डोळे गेले.

हे पाहिलेली माणसं होती. पण त्या दिवशी वालाटिनात काय झालं याची सरकारदरबारी नोंद नव्हती. तीन दशकांनी चौकशी झाली तेव्हा एका बाजूला माणसांची आठवण होती आणि दुसऱ्या बाजूला कागद. मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तिथेच दिसतो. कागद कुणी ठेवायचे, काय मोजायचं आणि कुणाचं मोजायचं, हे ज्यांनी ठरवलं, त्यांनीच नंतर पुरावा मागितला.

रान रिकामं धरलं होतं

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि ब्रिटनने अणुबॉम्बवर एकत्र काम केलं होतं. 1946 मध्ये अमेरिकेने कायदा करून ही माहिती दुसऱ्या देशांना देणं बंद केलं. ब्रिटनला मग स्वतःचा बॉम्ब हवा झाला आणि तो उडवून बघायला जागाही हवी झाली. सप्टेंबर 1950 मध्ये पंतप्रधान ॲटली यांनी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेंझिस यांना विचारलं. मेंझिस यांनी आपल्या मंत्रिमंडळाला न विचारता होकार दिला. 3 ऑक्टोबर 1952 रोजी पश्चिम किनाऱ्याजवळच्या माँटे बेलो बेटांपाशी पहिला स्फोट झाला. दुसऱ्या वर्षी एमू फील्ड, आणि 1956-57 मध्ये दक्षिणेला मारालिंगा. 1952 ते 1957 या काळात ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर असे एकूण 12 मोठे स्फोट झाले.

टोटेमच्या दोन स्फोटांमागचं कारण तांत्रिक होतं. ब्रिटन तेव्हा काल्डर हॉल येथे अणुभट्ट्या उभारत होता. त्यांतून मिळणाऱ्या प्लुटोनियममध्ये प्लुटोनियम-240 चं प्रमाण जास्त राहणार होतं, आणि असा कमी शुद्ध माल बॉम्बला कितपत चालतो, हे त्यांना पाहायचं होतं. ही माहिती घाईने हवी होती. ही घाई लक्षात ठेवायला हवी, कारण 15 ऑक्टोबरच्या सकाळी वारा कसा होता हे पुढे येणारच आहे.

एमू फील्डची सपाट चिकणमातीची जागा लेन बीडेल या सर्वेक्षकाने शोधली. नकाशावर आजूबाजूला काहीच नव्हतं. पण त्या 'काहीच नाही'मध्ये पाणवठे होते, पाणवठ्यांना जोडणाऱ्या वाटा होत्या आणि त्या वाटांनी पिढ्यान्‌पिढ्या चालणारे लोक होते. यांकुन्याचारा, पिचंचाचारा, कोकाथा आणि आणखी कितीतरी. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेच्या 127व्या कलमाप्रमाणे देशाची लोकसंख्या मोजताना आदिवासी धरायचे नाहीत असा नियम होता, आणि तो 1967 च्या सार्वमतापर्यंत टिकला. म्हणजे 1953 साली वालाटिनात किती माणसं होती, त्यांच्यातली कोण जन्मली, कोण मेली, याची धड नोंद असण्याची शक्यताच नव्हती. पुढे या चाचण्यांची चौकशी करायला सरकारने रॉयल कमिशन नावाचा आयोग नेमला, तेव्हा त्याच्यासमोर हेच आकडे मागितले गेले.

एक माणूस, लाख चौरस किलोमीटर

आदिवासींना सावध करण्याचं काम वॉल्टर मॅकडूगल या एका गस्ती अधिकाऱ्याकडे होतं. रॉयल कमिशनच्या अहवालात लिहिलं आहे की 1 लाख चौरस किलोमीटरांहून मोठ्या प्रदेशात विखुरलेल्या, बऱ्याच अंशी पारंपरिक पद्धतीने फिरत राहणाऱ्या लोकांना शोधून इशारा देण्याचं अशक्य काम या एका माणसावर टाकलं होतं. मॅकडूगल हे निर्दय गृहस्थ नव्हते. त्यांना त्या लोकांची खरी काळजी होती आणि ती त्यांनी वरिष्ठांना वारंवार लिहून कळवली. 1956 मध्ये त्यांच्या तक्रारींवर पुरवठा खात्याचे मुख्य शास्त्रज्ञ ॲलन ब्यूटमेंट यांनी जे लिहिलं ते आजही वाचवत नाही. मूठभर आदिवासींची प्रकरणं हा माणूस ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या हिताच्या वर ठेवतो, त्याच्या दृष्टीत शोचनीय असंतुलन आहे, असा त्या पत्राचा आशय होता.

हे पत्र टोटेमनंतर तीन वर्षांनी लिहिलेलं आहे. तरी ते मला या प्रकरणातला मोठा पुरावा वाटतं, कारण कागद ठेवणारे लोक त्या माणसांकडे कसे पाहत होते हे त्यांच्याच हातून त्यात उतरलं आहे. मारालिंगाच्या हद्दीवर पुढे धोक्याच्या पाट्या लागल्या, त्या इंग्रजीत होत्या. ज्यांच्यासाठी त्या होत्या त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

त्या सकाळचा वारा

अणुस्फोटाचा ढग वर गेल्यावर वेगवेगळ्या उंचीवरचे वारे त्याला वेगवेगळ्या दिशांना ओढतात. तो फाटतो, पसरतो आणि विरळ होतो. सगळ्या थरांतला वारा जवळपास एकाच दिशेने वाहत असेल तर ढग फाटत नाही. तो दाट पट्ट्यासारखा एकसंध राहून एकाच दिशेला जातो आणि त्यातली राख वाटेतल्या जमिनीवर पडते. टोटेम-1 च्या सकाळी वारा असाच होता, आणि त्याची दिशा होती ईशान्य.

हा धोका माहीत नव्हता असं नाही. चाचणीपूर्वी ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ए-32 नावाचा अहवाल तयार केला होता. अशा वाऱ्यात स्फोट केला तर राखेचं प्रमाण मान्य मर्यादेच्या वर जाईल, हे त्यातून दिसत होतं. तरीही बॉम्ब उडवला गेला. आयोगाने नंतर स्पष्ट लिहिलं की ज्या वाऱ्यांत स्फोट करू नये असं त्यांच्याच अभ्यासातून निघालं होतं, नेमक्या त्याच वाऱ्यांत टोटेम-1 उडवला गेला, आणि स्फोटाचे निकष ठरवताना वाऱ्याच्या वाटेवर वालाटिना आणि वेलबर्न हिल इथे माणसं राहतात हे लक्षात घेतलं गेलं नाही.

त्या दिवशी त्या ढगात माणसंही शिरली होती. ब्रिटिश हवाई दलाचं कॅनबेरा जातीचं विमान स्फोटानंतर काही मिनिटांतच ढगात घुसलं. ऑस्ट्रेलियन हवाई दलाची लिंकन विमानं नमुने गोळा करायला मागोमाग गेली. लिंकनच्या वैमानिकांना पुरेसं संरक्षण दिलेलं नव्हतं. विमानं परत आली ती किरणोत्सर्गी धुळीने माखून, आणि जमिनीवरच्या ज्या तंत्रज्ञांनी ती हाताळली त्यांनाही नीट सांगितलेलं नव्हतं. म्हणजे ढग कुठे गेला हे कळावं म्हणून तरुण सैनिकांना त्यात पाठवलं गेलं, पण ढग ज्या माणसांवरून गेला त्यांच्याकडे त्या सकाळी मोजायला कुणी गेलं नाही.

याच संदर्भात हेडली मार्स्टन यांचं काम आठवतं. ॲडलेडचे हे जीवरसायनशास्त्रज्ञ. 1956 च्या स्फोटांच्या वेळी त्यांनी मेंढ्या आणि गुरांच्या थायरॉइड ग्रंथी तपासून किरणोत्सर्गी आयोडीन किती आणि कुठवर पोचलं ते काढलं. सरकारी समिती सांगत होती त्यापेक्षा राख फार दूरवर गेल्याचं त्यांना आढळलं आणि त्यासाठी ते समितीशी भांडले. मार्स्टन यांच्या चिकाटीबद्दल मला आदरच आहे. पण गुरांच्या गळ्यातल्या ग्रंथी तपासल्या जात होत्या त्या काळात त्याच रानातल्या मुलांचं रक्त कुणी तपासलं नाही, ही गोष्ट मनातून जात नाही.

सत्तावीस वर्षांनी रेडिओवर

यामी लेस्टर आंधळे झाल्यावर ॲडलेडला गेले आणि अंधांच्या संस्थेत अनेक वर्षं झाडू बनवत राहिले. नंतर ते मध्य ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला आले. तिथे आदिवासी विकासासाठी काम करणाऱ्या संस्थेत ते दुभाषी झाले आणि पुढे संचालकही झाले. न्यायालयात, दवाखान्यात, सरकारी बैठकीत आपल्या माणसांचं म्हणणं इंग्रजीत मांडायचं आणि इंग्रजीतलं आपल्या माणसांना समजावून सांगायचं, हे त्यांचं रोजचं काम. जमिनीच्या हक्कांच्या चळवळीतही ते पुढे होते. दक्षिण ऑस्ट्रेलियात 1981 मध्ये पिचंचाचारा लोकांना त्यांची जमीन परत देणारा कायदा झाला, त्यामागे ज्यांचे कष्ट होते त्यांच्यापैकी ते एक.

1980 मध्ये त्यांनी रेडिओवर सर अर्नेस्ट टिटरटन यांना ऐकलं. टिटरटन हे अणुशास्त्रज्ञ, चाचण्यांच्या काळातल्या ऑस्ट्रेलियन सुरक्षा समितीचे सदस्य आणि नंतर अध्यक्ष. चाचण्यांच्या वेळी आदिवासींची नीट काळजी घेतली होती, असं ते सांगत होते. काळ्या धुराबद्दल विचारल्यावर असं काही घडूच शकत नाही, हा गूढकथांचा प्रांत आहे, अशा अर्थाचं ते बोलले. लेस्टर यांनी ॲडलेडच्या 'द ॲडव्हर्टायझर' वृत्तपत्राला फोन केला आणि आपण काय पाहिलं ते सांगितलं. बातमी छापून आली आणि देशभर खळबळ उडाली.

त्या बातमीनंतर आणखी लोक बोलू लागले. मिंटाबीजवळ तळ देऊन असलेल्या लॅली लेनन यांनी सांगितलं की त्यांनाही जमिनीची थरथर जाणवली होती आणि धूर दिसला होता. त्यांची मुलं आजारी पडली आणि त्यांच्या स्वतःच्या अंगावर फोड उठले. त्वचेचा तो त्रास त्यांना पुढे आयुष्यभर पुरला. वेलबर्न हिलच्या बाजूला राहणाऱ्या गोऱ्या बायकांनीही त्या काळात नेहमीच्या धुळीपेक्षा वेगळा काळपट ढग पाहिल्याचं आणि बारीक, चिकट धूळ पडल्याचं सांगितलं. याला साक्ष म्हणून फार मोल आहे. टिटरटन यांनी ज्याला गूढकथा म्हटलं होतं ती मामूवर विश्वास नसलेल्या माणसांनीही पाहिली होती.

1983 मध्ये किरणोत्सर्गविषयक सल्लागार परिषदेने सरकारला एक अहवाल दिला. आदिवासींना फारशी इजा झाली नसावी, असा त्याचा सूर होता. दुसऱ्या वर्षी केर समितीने तो अहवाल तपासला, त्यावर कडक टीका केली आणि जाहीर चौकशीची शिफारस केली. जुलै 1984 मध्ये रॉयल कमिशन नेमलं गेलं.

आयोग रानात जातो

आयोगाचे अध्यक्ष जेम्स मॅक्लेलंड. त्यांच्यासोबत दोन सदस्य होते. जिल फिच या आरोग्य-भौतिकी जाणणाऱ्या शास्त्रज्ञ, आणि विल्यम जोनास हे स्वतः आदिवासी समाजातले भूगोलतज्ज्ञ. या तिघांची निवडच आधीच्या समित्यांपेक्षा निराळी होती. आयोग लंडनला जाऊन बसला, ब्रिटिश सरकारचे कागद आणि अधिकारी यांची तपासणी केली, आणि तोच आयोग वालाटिना भागात आणि मारालिंगाला जाऊन लोकांच्या मध्येही बसला. आदिवासींची बाजू वकील जेफ्री ईम्स यांनी मांडली.

साक्ष घेणं सोपं नव्हतं. कॅलेंडरवरच्या तारखा न मानता जगलेल्या माणसाला 'कोणत्या तारखेला' असं विचारून काही हाती लागत नाही. त्याला विचारायचं तर 'कुठे' असं विचारायला हवं : कोणत्या पाणवठ्यावर, कोणत्या माणसांबरोबर, कोणत्या बाजूने. आनंगू लोकांमध्ये, म्हणजे यांकुन्याचारा, पिचंचाचारा अशा या भागातल्या आदिवासींमध्ये, मेलेल्या माणसाचं नाव घेऊ नये अशी रीत आहे. म्हणजे 'त्या धुरानंतर कोण कोण मेलं, नावं सांगा' हा वकिलाच्या दृष्टीने साधा प्रश्न तिथे साधा उरत नाही. शिवाय मोठ्या अधिकारी माणसाने प्रश्न विचारला तर त्याला बरं वाटेल म्हणून 'हो' म्हणण्याकडे कल असतो. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतात याच कारणाने न्यायमूर्ती फॉर्स्टर यांनी 1976 मध्ये पोलिसांना आदिवासींचे जबाब कसे घ्यावेत याचे नियम घालून दिले होते. आयुष्याचा मोठा भाग दुभाषाचं काम केलेल्या लेस्टर यांना हे सगळं आतून माहीत होतं.

आठवणी एकमेकींशी तंतोतंत जुळत नव्हत्या, हेही मान्य केलं पाहिजे. धूर त्याच दिवशी आला की नंतर, रंग नेमका कसा होता, आधी कोण आजारी पडलं, यात फरक होते. तीस वर्षांत लोक आपसात बोललेलेही असणार. त्या भागात डोळ्यांचा ट्रॅकोमा सर्रास होता, गोवराच्या साथी येऊन गेल्या होत्या, आणि यामींच्या डोळ्यांबद्दल डॉक्टरांनी या आजारांकडे बोट दाखवलं. हे मुद्दे खोटे नाहीत. पण सगळ्या साक्षींमध्ये जे सारखं होतं ते नजरेआड करता येत नाही. दिशा सारखी होती. तो जमिनीलगत, झाडांना चाटत पुढे सरकणारा धूर सारखा होता. मागोमाग आलेला आजार सारखा होता. स्फोटाची दिशा, वाऱ्याची दिशा आणि न फाटलेल्या ढगाचं शास्त्र हे सगळं त्यांच्या सांगण्याशी जुळत होतं, आणि सांगणाऱ्यांना त्यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आयोगाचा अहवाल 1985 च्या अखेरीस आला. टोटेम-1 ची किरणोत्सर्गी राख वालाटिना आणि आसपासच्या आदिवासींवर काळ्या धुराच्या किंवा ढगाच्या रूपाने आली, हे त्यात मान्य केलं गेलं. त्यामुळे काही लोक तात्पुरते आजारी पडले असावेत, असंही म्हटलं. पुढचं वाक्य मात्र असं : त्यामुळे इतर आजार किंवा इजा झाल्या की नाही हे सांगायला आयोगाकडे पुरेसा पुरावा नाही. टिटरटन यांच्याबद्दल आयोगाने लिहिलं की सुरक्षेबरोबर ते राजकीय भूमिकाही बजावत होते, आणि ब्रिटनच्या हिताचं वाटलं तर स्वतःच्या सरकारपासून माहिती लपवायलाही ते तयार होते.

या निकालाचा पहिला भाग मला फार मोठा वाटतो. बत्तीस वर्षं ज्याला भ्रम म्हटलं गेलं ते राष्ट्राच्या सर्वोच्च चौकशीने खरं मानलं, आणि ते मुख्यतः पाहणाऱ्यांच्या तोंडच्या शब्दांवरून. दुसऱ्या भागावर माझं समाधान होत नाही. आयोगाने अप्रामाणिकपणा केला असं मी म्हणत नाही. पुरावा नसताना 'झालंच' असं लिहिणं त्यांना शक्य नव्हतं. पण पुरावा नव्हता तो का नव्हता? त्या सकाळी कुणी मोजलं नाही म्हणून. त्यानंतरच्या आठवड्यांत डॉक्टर पाठवला नाही म्हणून. मृत्यूंची नोंद ठेवण्याइतकी ती माणसं मोजण्यालायक धरली नव्हती म्हणून. ज्याने मोजायचं टाळलं त्यालाच मोजमाप नसल्याचा फायदा मिळाला.

आयोगाला हे कळलं होतं, असं त्याच्या शिफारशींवरून दिसतं. भरपाईच्या दाव्यात सिद्ध करण्याची जबाबदारी दावेदारावर न ठेवता सरकारवर ठेवावी, आणि हा लाभ सैनिकांबरोबरच काळ्या धुराच्या वाटेत आलेल्या आदिवासींना आणि इतर नागरिकांनाही द्यावा, असं त्यात सुचवलं होतं. चाचण्यांच्या वेळी आणि काळ्या धुरात सापडलेल्यांची राष्ट्रीय नोंदवही करावी, अशीही शिफारस होती. माझ्या मते सगळ्या अहवालात सर्वांत न्यायाचा विचार हाच आहे.

कागद होता तिथे काय झालं

कागद असता तर सगळं बरं झालं असतं, असं वाटणाऱ्यांसाठी याच चाचण्यांतली दुसरी हकिगत. 14 मे 1957 रोजी मारालिंगाला, मार्कू नावाच्या स्फोटाने आदल्या वर्षी पाडलेल्या खड्ड्यापाशी, सैनिकांना एक आदिवासी कुटुंब तळ देऊन बसलेलं आढळलं. चार्ली आणि एडी मिलपुडी, त्यांची दोन मुलं आणि कुत्री. एडी गरोदर होत्या. रोजच्या वाटेने ते आले होते. त्या वाटेवर आता काय आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना यंत्राने तपासलं, पाण्याखाली उभं करून धुतलं, कुत्री गोळ्या घालून मारली आणि त्यांना दक्षिणेला यालाटाला पोचवलं. तळावरच्या सैनिकांना या घटनेबद्दल तोंड बंद ठेवण्याचा हुकूम मिळाला. एडी यांचं ते मूल मृत जन्मलं.

इथे यंत्र होतं, अधिकारी होते, नोंद होती. तरीही गोष्ट जगासमोर यायला अनेक वर्षं गेली. 1985 मध्ये एडी स्वतः आयोगासमोर आल्या आणि त्यांनी ती सांगितली. त्या कुटुंबासाठी कुत्री म्हणजे शिकार, रात्रीची ऊब आणि घरची माणसं. सैनिकांनी ती समोर मारली. कोणत्याही मोजमापाच्या तक्त्यात न बसणारी ही गोष्ट साक्षीतूनच समजते.

पुढचं

1967 मध्ये ब्रिटनने 'ऑपरेशन ब्रम्बी' नावाने मारालिंगाची वरवरची साफसफाई केली. किरणोत्सर्गी माती नांगरून खाली घातली. तारानाकी या जागी छोट्या प्रयोगांतून सुमारे 22 किलो प्लुटोनियम उधळलं गेलं होतं, ते तसंच पसरलेलं राहिलं. आयोगानंतर ही साफसफाई पुन्हा करावी लागली. मारालिंगा चारुचा लोकांच्या बाजूने आर्ची बार्टन यांनी हा लढा वर्षानुवर्षं लढवला. 1993 मध्ये ब्रिटनने 2 कोटी पौंड द्यायचं मान्य केलं. एकूण काम 2000 साली संपलं आणि त्याला सुमारे 10.8 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर लागले. मारालिंगा चारुचा समाजाला 1994 मध्ये 1.35 कोटी डॉलर मिळाले. तो पैसा जमिनीच्या नुकसानीचा होता. चाचणीक्षेत्राचा शेवटचा मोठा तुकडा 2009 मध्ये त्यांच्या ताब्यात आला.

सैनिकांच्या बाबतीत 2006 मध्ये सरकारी अभ्यास प्रसिद्ध झाला. चाचण्यांत भाग घेतलेल्यांमध्ये कर्करोगाचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा 23 टक्क्यांनी जास्त आढळलं. पण याचा संबंध किरणोत्सर्गाशी जोडता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. बहुतेकांना किती मात्रा मिळाली याच्या नोंदी अपुऱ्या होत्या. जे वालाटिनात झालं तेच गणवेशातल्या माणसांच्या बाबतीतही झालं.

यामी लेस्टर मात्र धुराची गोष्ट सांगून थांबले नाहीत. ज्या वर्षी आयोगाचं काम चाललं होतं त्याच वर्षी, 26 ऑक्टोबर 1985 रोजी, उलुरूची जमीन आनंगू लोकांना परत करण्याचा समारंभ झाला. गव्हर्नर जनरल सर निनियन स्टीफन यांचं भाषण तिथे जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायला उभे होते यामी लेस्टर. ज्या सरकारने आपल्याला मोजलं नव्हतं त्याचंच भाषण ते आपल्या माणसांसाठी उलगडून सांगत होते, आणि भाषणात होती जमीन परत देत असल्याची घोषणा.

त्यांच्या मुलींनीही हे सांगणं चालू ठेवलं. अण्वस्त्रांवर बंदीसाठी झटणारी आयकॅन ही संघटना 2007 मध्ये मेलबर्नमध्येच सुरू झाली, आणि यामी यांची मुलगी करीना लेस्टर त्या कामात जोडली गेली. 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात बंदीच्या कराराची चर्चा चालू असताना कोकाथा समाजाच्या स्यू कोलमन-हेसलडाइन यांनी तिथे आपल्या लोकांची बाजू मांडली. 7 जुलै 2017 रोजी 122 देशांनी करार मान्य केला. त्याच्या प्रस्तावनेत अण्वस्त्रांचा मूळ रहिवाशांवर अधिक आघात झाल्याचा उल्लेख आहे. सहाव्या कलमाने बाधितांना उपचार आणि आधार देण्याची, तसंच दूषित जमीन सावरण्याची जबाबदारी सभासद देशांवर टाकली आहे.

दोन आठवड्यांनी, 21 जुलै 2017 रोजी, यामी लेस्टर वारले. त्याच वर्षी आयकॅनला शांततेचं नोबेल मिळालं. करार जानेवारी 2021 मध्ये लागू झाला. ऑस्ट्रेलियाने त्यावर सही केलेली नाही.